एकटीचा पेपर

जून महिना आला की आमच्या गावात दोन प्रकारची माणसं दारोदार फिरतात. एक बियाणं विकणारे आणि दुसरे प्राध्यापक. दोघांच्या बॅगेत रंगीत पत्रकं असतात, दोघंही आधी चहा नको म्हणतात आणि मंग बशीसकट संपवतात, आणि दोघंही सांगतात की यंदा आमचं वाण घेऊन तर बघा. आर्ट्‌स कॉलेजात एखाद्या विषयाला पोरं मिळाली नाहीत तर तो विषय बंद पडतो आणि शिकवणाऱ्याची खुर्ची हलते. म्हणून ही शिकलेली माणसं उन्हातान्हाची मोटारसायकलवर हिंडत राहतात. पुढं मला त्यांच्याबद्दल वाईट वाटायला लागलं. तेव्हा मात्र मजा वाटायची.

मी बारावी झाले त्या वर्षी आमच्या ओट्यावर मराठीवाले आले, राज्यशास्त्रवाले आले, समाजशास्त्रवाले तर दोनदा आले. सगळ्यांचं बोलणं एकच. पुस्तकं आम्ही देऊ, हजेरीचं आम्ही बघून घेऊ, परीक्षेचं तर बिलकुल टेन्शन घ्यायचं नाही. आबा, म्हणजे माझे वडील, सगळ्यांचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे आणि "बघू" म्हणायचे. आबांच्या ह्या "बघू"मध्ये कापसाच्या व्यापाऱ्यापासून माझ्या मामापर्यंत बरीच माणसं अडकून पडलेली आहेत.

तत्त्वज्ञानाचे सर सगळ्यात शेवटी आले. बाकीच्यांनी गाव पिंजून काढल्यावर जे उरलं होतं ते बघायला आले असावेत. त्यांच्याकडं पत्रक पण नव्हतं. चहा घेतला, पावसाचं विचारलं आणि गप्प बसले. शेवटी आबांनीच विषय काढला. "तुमच्या ह्याच्यानं काय व्हतं, सर?"

सरांनी खरोखर विचार केला. चहाचा कप खाली ठेवून केला. मंग म्हणाले, "नोकरीचं म्हणाल तर काही होत नाही, काका. विचार करायची सवय लागते. पण तिचा पुढं त्रासच होतो, असा माझा अनुभव आहे."

"मंग घ्यावा कामून?"

"ते मी पण बऱ्याच वर्षांपासून शोधतोय."

दाराआड उभी असलेली माय फसकन हसली. सर गेल्यावर आबा म्हणाले, "इतके जण येऊन गेले, त्यात हा एकटा खरं बोलला. ह्याच्याकडंच टाकू." अशी मी तत्त्वज्ञानात पडले. गावात बातमी गेली की पोरगी कीर्तन शिकायला चालली.

मराठी आणि इतिहास हे माझे बाकीचे विषय. त्या वर्गात थोडीफार तरी पोरं असायची. तत्त्वज्ञानाच्या पटावर पण नावं होती, नाही असं नाही. पण त्यातली पोरं पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरीवर पळायची आणि दिवसा झोपायची, दोघंतिघं पुण्याकडं कंपनीत लागलेले, आणि पोरींची लग्नं झाली होती. वर्गात येणारी मी एकटी.

आता एकच विद्यार्थी असेल तर शहाणा माणूस काय करेल? स्टाफरूममध्ये बोलावून खुर्ची देईल, दहा मिनिटं शिकवेल आणि घरी पाठवेल. आमचे सर फळ्यावर तारीख लिहायचे. मंग हजेरी घ्यायचे, सगळी, पहिल्या नंबरपासून, आणि प्रत्येक नंबरानंतर थोडं थांबून वर्गाकडं बघायचे. मंग घसा साफ करून "विद्यार्थी मित्रांनो" म्हणायचे. पहिल्या दिवशी मी मागं वळून बघितलं. मागं कोणीच नव्हतं. मधेच ते प्रश्न विचारायचे, "कोण सांगेल?" आणि रिकाम्या बाकांवरून शेवटपर्यंत नजर फिरवून आणायचे. मंग मी दिसले की त्यांना बरं वाटायचं. "हां, तुम्ही सांगा."

एकटीच्या वर्गात डुलकी घेता येत नाही, खुसफुस करता येत नाही, आणि दांडी तर मारताच येत नाही. मी नाही गेले तर वर्गच नाही. एकदा मला ताप आला आणि मी दोन दिवस घरी पडून राहिले. सरांचा आबांच्या फोनवर फोन. "काका, उद्या वर्ग येणार आहे का?" आबांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि गंभीरपणे सांगितलं, "न्हाई सर. वर्गाला अजून ताप हाय."

सर शिकवायचे ते मला आवडायचं. सरळच सांगते, लई आवडायचं. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथं आग आहे, हे आपण कशावरून म्हणतो, ह्यावर ते आठवडाभर बोलायचे. एका गोष्टीमागून दुसरी घडली म्हणजे पहिलीमुळंच घडली असं नसतं, हे त्यांनी शिकवलं. मी घरी वापरून बघितलं. माय म्हणाली, तू मोबाईल घेऊन बसली म्हणून दूध उतू गेलं. मी म्हणाले, हे सिद्ध होत नाही. मायनं हातात झाडू घेऊन सिद्ध केलं. पण कोणीतरी माणूस रोज सकाळी माझ्यासाठी तयारी करून येतो, मी काय म्हणते ते ऐकायला थांबतो, असं माझ्या आयुष्यात आधी कधी झालं नव्हतं. तिसऱ्या वर्षापर्यंत मला तेच करायचं होतं, दुसरं काही नको होतं. सर म्हणाले, संभाजीनगरला विद्यापीठात एम.ए. करा. तिथं मुलींचं होस्टेल आहे, लायब्ररी आहे. आणि वर्गात इतर विद्यार्थी पण असतात, असं त्यांनी जरा जपून सांगितलं.

इकडं मामा, जो भोकरदनला असतो आणि सगळ्यांची लग्नं जमवतो, त्यानं माझ्यासाठी अंबडकडचं एक स्थळ काढून ठेवलं होतं. मुलाचं औषधाचं दुकान. मामाचं म्हणणं, असं दुकान पुन्हा येत नाही. मुलाबद्दल तो काही म्हणाला नाही. मी होस्टेलचा विषय काढला तेव्हा आबा दोन दिवस "बघू" म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी अट घातली. "फस्ट क्लास आला तं पुढं शिक. न्हाई आला तं मामा म्हणतो ते करू." मला अट घातल्याचा इतका राग आला की मी त्या दिवशी त्यांना भाकरी वाढली नाही. त्यांनी आपली आपण घेतली.

शेवटच्या सेमिस्टरपर्यंत पटावरचे बाकीचे गळून गेले होते. तत्त्वज्ञानाच्या पेपरला आमच्या अख्ख्या सेंटरवर मी एकटी.

आता आमच्याकडची परीक्षा सांगितली पाहिजे. आत पोरं बसतात आणि बाहेर खिडक्यांखाली त्यांची माणसं उभी राहतात. कोणाचा भाऊ, कोणाचा बाप, लग्न झालेल्या पोरींचे नवरे. गाइडची पानं फाडायची, ढेकळाला गुंडाळायची आणि आत फेकायची. ह्यात कोणाला चोरी वाटत नाही. शेतात न्याहारी नेऊन द्यावी तसं ते घरचं काम आहे, आणि जो येत नाही त्यालाच लोक नावं ठेवतात. बंदोबस्ताला एक पोलीस असतो. तो पूर्वेकडच्या लोकांना हाकलतो तेव्हा पश्चिमेचे फेकतात, आणि मंग तो तिकडं जातो.

त्या दिवशी बाकीच्यांचा अर्थशास्त्राचा पेपर होता, त्यामुळं गर्दी मरणाची. मला व्हरांड्याच्या टोकाची खोली दिली, जिथं खेळाचं सामान ठेवतात. एक बाक, एक मी, कोपऱ्यात फुटका कॅरम. सुपरव्हिजनला मराठीच्या मॅडम. त्यांनी नियमाप्रमाणं सूचना वाचल्या, "सर्व परीक्षार्थींनी आपापले मोबाईल वर्गाबाहेर ठेवावेत," आणि माझ्याकडं बघून आपोआप हसल्या. पाणीवाला शिपाई दर अर्ध्या तासाला माझ्या एकटीसाठी येत होता. पेपर चांगला होता. अनुमानावर मोठा प्रश्न आला होता, तो मी सरांशी भांडून भांडून पक्का केलेला. मी लिहायला लागले आणि मला आजूबाजूचं काही ऐकू येईना.

तेवढ्यात खिडकीतून काहीतरी आलं आणि बाकाच्या पायाशी पडलं. कागदात गुंडाळलेलं ढेकूळ. मी मान वर केली नाही. मॅडमनी ते बघितलं, मंग मला बघितलं, आणि सभ्यपणे तोंड दुसरीकडं फिरवलं.

"मॅडम, हे उचला ना इथून."

"असू दे गं," मॅडम भिंतीकडं बघत म्हणाल्या. "लागलं तर बघ."

"मला नाही लागत."

"आता नाही लागत. पुढं लागेल."

मी पुन्हा लिहायला लागले. आणि भरारी पथक आलं.

त्या दिवशी दुसऱ्या खोल्यांमध्ये कागदांचा खच पडला होता. पण भरलेल्या खोलीत जमिनीवरचा कागद कोणाचाच नसतो. पथक विचारतं, कोणाचा आहे? सगळी पोरं कागदाकडं असं बघतात की असली वस्तू जन्मात पहिल्यांदा बघितली. पथक कंटाळून पुढं जातं. माझ्या खोलीत मी एकटीच होते, म्हणून खोलीतला सगळा कागद माझा. पथकातल्या साहेबांनी ते ढेकूळ कागदासकट उचललं, पाकिटात घातलं, लाख लावली. कागद उघडून कोणी वाचला नाही. वाचणं हे बहुतेक पथकाच्या कामात बसत नसावं. अहवालात एक रकाना होता, सापडलेला मजकूर प्रश्नपत्रिकेशी संबंधित आहे का. साहेबांनी "आहे" लिहिलं आणि सही केली. माझी उत्तरपत्रिका काढून घेतली, उरलेला पेपर लिहायला दुसरी दिली. मॅडम रडायला लागल्या. मी रडले नाही, माझं डोकं फिरलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी दुसऱ्या उत्तरपत्रिकेवर इतक्या जोरात लिहिलं की पान फाटलं.

निकाल लागला तेव्हा सगळ्यांचा लागला. शेजारच्या खोलीतली झाडून सगळी पोरं अर्थशास्त्रात पास. माझ्या नावापुढं "राखीव". म्हणजे चौकशी होणार, आणि चौकशीत दोषी ठरले तर वर्ष गेलं. वर्ष गेलं की फर्स्ट क्लास कसला आणि एम.ए. कसलं. मामाचा लगेच फोन आला. "पोरगी कॉपीत सापडली म्हणे? दाजी, अंबडच्या पाहुण्यायच्या कानावर जायच्या आत जल्दी उरकून टाकू." आबा म्हणाले, "बघू."

तो महिनाभर मी घरात फक्त एकच काम केलं. ज्यानं ते ढेकूळ फेकलं त्याला शिव्या दिल्या. सकाळी भाकरी करताना द्यायचे, रात्री जेवताना द्यायचे. कोण मेला होता कोणास ठाऊक, त्याचे हात झडो, त्याला खिडकी दिसत नव्हती का, डोळे फुटले होते का. माय मला साथ द्यायची, ती तर त्याच्या सात पिढ्यांपर्यंत पोचली होती. आबा खाली मान घालून जेवत राहायचे. एकदा मायनं विचारलं, तुम्हाला काहीच कसं वाटत न्हाई? आबा म्हणाले, "वाटतं की," आणि पाणी प्यायले.

कॉलेजनं माझ्यासाठी विद्यापीठाला पत्रं दिली. प्राचार्यांनी लिहिलं, मुलगी अत्यंत गुणी. मॅडमनी लिहिलं, अत्यंत गुणी व नम्र. ज्यांनी मला तीन वर्षं एकटीला शिकवलं त्या सरांनी काय लिहावं? "परीक्षेच्या वेळी मी तिथं उपस्थित नव्हतो. त्यामुळं सदर विद्यार्थिनीनं कॉपी केली नाही, असं मी खात्रीनं म्हणू शकत नाही."

ऑफिसात पत्र एवढंच वाचून मी तशीच स्टाफरूममध्ये गेले. "सर, माझ्या वर्षाचा सत्यानाश होऊन राह्यलाय आणि तुम्हाला खात्री नाही?"

"तुम्ही कॉपी केली नसेल असं मला वाटतं," सर म्हणाले. "पण वाटणं हा पुरावा नाही. आपण हे पहिल्या वर्षीच केलंय."

"मग लिहिलं कशाला?"

"पुढचं वाचलं नाही का तुम्ही?"

मी वाचलं नव्हतं आणि वाचणार पण नव्हते. मी सरांशी बोलणं सोडलं. त्यांच्याशी बोलणारी मी एकटीच होते, हे मला माहीत होतं, तरी सोडलं.

विद्यापीठानं सुनावणीला बोलावलं तेव्हा आबा म्हणाले, "म्या येतो." धुतलेला पांढरा शर्ट घातला, जो ते फक्त लग्नाला घालतात. बसमध्ये त्यांनी मला खिडकी दिली आणि पूर्ण रस्ता एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, पोरीनं मान खाली घालायला लावली म्हणून गप्प आहेत. मी पण मंग बोलले नाही.

सुनावणीच्या खोलीत तीन जण होते. मधे अध्यक्ष, वयस्कर, जाड चष्म्याचे. एका बाजूचे सर घड्याळाकडं बघत होते आणि दुसऱ्या बाजूचे फाइलीत काहीतरी वाचत होते. आबा बाहेर बाकावर बसले. शिपाई सारखा आतबाहेर करत होता म्हणून दार उघडंच होतं.

अध्यक्षांनी विचारलं, "कागद तुमच्या बाकापाशी सापडला, हे मान्य आहे?"

"हो."

"खोलीत दुसरं कोणी परीक्षार्थी नव्हतं?"

"नव्हतं."

"मग?"

"मग काही नाही, सर. कागद तिथं होता एवढंच त्यातून निघतं. तो माझा होता, मी मागवला होता, मी तो वाचला, ही सगळी वेगवेगळी विधानं आहेत. ती वेगवेगळी सिद्ध करावी लागतील."

घड्याळवाले सर म्हणाले, "आम्हाला शिकवताय का?"

"नाही सर. मला असंच शिकवलंय."

"बरं, फेकला कोणी?"

"माहीत नाही. माहीत असतं तर मी त्याला सोडलं नसतं."

"म्या फेकला," आबा म्हणाले.

ते दारात उभे होते. चप्पल बाहेर काढून आले होते. मला वाटलं मला वाचवायला खोटं बोलून राह्यले. मी म्हणाले, "आबा, तुम्ही बाहेर बसा." ते म्हणाले, "तू गप." आणि मंग त्यांनी साहेबांकडं बघून सगळं सांगितलं. इतकं सलग बोलताना मी आबांना कधी ऐकलं नव्हतं.

"हरभरा घेऊन मोंढ्यात गेल्तो, साहेब. मोकळा झालो, तं म्हणलं पोरीचा पेपर हाय, जाऊन बघावं. कधी कॉलेजात गेलो नव्हतो. तिथं बघतो तं समद्यांची माणसं आलेली. एका पोरीचा सासरा आल्ता, धोतरवाला म्हातारा, भितीवर चढून राह्यला व्हता. आन् हिच्या खिडकीखाली कोणीच न्हाई. एकटी बसून लिहून राह्यली व्हती. मला लई कसंतरी झालं. म्हणलं, पोरीला वाटंल आपल्यामागं कोणी न्हाई. बाजूच्या माणसाला म्हणलं, एक पान दे बाबा. त्यानं फाडून देलं."

"मुलीनं सांगितलं होतं तुम्हाला?"

"तिनं? तिला कळलं असतं तं तिनं मला घरात घेतलं नसतं. म्हणून तं महिनाभर बोललो न्हाई."

अध्यक्षांनी चष्मा काढला. त्यांना वाईट वाटत असावं, पण ते म्हणाले, "काका, हे सांगून तुम्ही मुलीचं नुकसान केलंत. कोणी अनोळखी माणसानं फेकला असता तर वेगळी गोष्ट. घरच्याच माणसानं फेकला म्हटल्यावर तिला माहीत नव्हतं, हे कोण मानेल?"

आबांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि हात जोडले. "मंग माझ्यावर काय असंल ते करा. केस करा. तिचं वरीस घेऊ नका. पुढं शिकायचं तिच्या लई मनात हाय. म्याच तिला फस्ट क्लासची अट घातली व्हती. घरात समद्यांची तोंडं बंद करायला घातली व्हती, साहेब. ती पुरी व्हावी म्हणूनच तं फेकला."

मला खुर्चीवर नीट बसता येईना. मी इतके दिवस समजत होते की ती अट मला अडवायला आहे. आणि ज्याचे हात झडो म्हणून मी रोज ओरडत होते, तो रोज माझ्यासमोर बसून माझ्याच हातची भाकरी खात होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी इतकं बरं वाटलं की तेवढं बरं मला आजवर कधी वाटलेलं नाही.

तेवढ्यात फाइल वाचणारे सर म्हणाले, "एक मिनिट. हिच्या प्राध्यापकांचं पत्र आहे. त्यात पुढं असं लिहिलंय." आणि त्यांनी वाचून दाखवलं. "तथापि ह्या विद्यार्थिनीला मी एकट्यानं आणि एकटीलाच शिकवलं आहे. ती काय लिहील हे मला माहीत आहे. समितीनं सापडलेला कागद आणि तिची उत्तरपत्रिका शेजारी ठेवून वाचावी. आतापर्यंत कोणी तो कागद वाचला असल्याचं अहवालावरून दिसत नाही."

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. पाकीट फोडलं. आत ढेकळाचा भुगा झाला होता, तो सगळा टेबलाच्या काचेवर सांडला. अध्यक्षांनी कागद सरळ करून वाचला. "शेतमालाच्या किमतीतील चढउतार. कारणे व उपाय." उलटून बघितलं. कारणं सगळी होती. उपाय पुढच्या पानावर होते.

"हे अर्थशास्त्र आहे," अध्यक्ष म्हणाले.

"समद्यांचा पेपर एकच नसतो व्हय?" आबांनी विचारलं.

"नाही, काका. हिचा तत्त्वज्ञानाचा होता."

अध्यक्षांनी माझी उत्तरपत्रिका उघडली आणि ते वाचत बसले. नुसतं बघितलं नाही, वाचली. घड्याळवाल्या सरांनी दोनदा घसा साफ केला. मधेच अध्यक्षांनी मला विचारलं, "धूर आणि आग सोडून हे दुसरं उदाहरण कुठून आणलं? 'ज्या कॉलेजच्या खिडक्यांखाली माणसं उभी असतात, तिथं आत परीक्षा चालू असते.' "

"ते माझंच आहे, सर."

अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी पान उलटलं, शेवटपर्यंत वाचलं आणि शेजाऱ्यांना म्हणाले, निकाल लावायची शिफारस करू या. मंग आबांना म्हणाले, पुन्हा असं करू नका.

"न्हाई," आबा म्हणाले. "मंग माझ्या कागदाचा तिला काहीच उपयोग झाला न्हाई?"

"काहीच नाही."

"बरं झालं." आबांनी टेबलावरची माती हातानं गोळा केली, मुठीत घेतली, आणि आम्ही बाहेर आलो.

बसस्टँडवर आमच्या गाडीला वेळ होता. आबांनी मामाला फोन लावला. आबांना फोनवर हळू बोलता येत नाही. मामा भोकरदनला असेल तर आवाज भोकरदनपर्यंत गेला पाहिजे, असं त्यांचं मत आहे.

"हां, झालं. त्या अंबडच्या पाहुण्यायला न्हाई म्हणून कळव... न्हाई, निकाल लागायचाच हाय अजून... फस्ट क्लास न्हाई आला तरी. आरं, तरी म्हंजी तरी. ती पुढं शिकणार हाय, इथं संभाजीनगरलाच ऱ्हाऊन." मामा बराच वेळ बोलत होता. आबा ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांचं तोंड लाल झालं. मंग ते बाकावरून उठून उभे राहिले.

"लोकं काय म्हणत्यात ते मला कामून सांगून राह्यला? त्यायला माझं नाव सांग. पोरीनं काही केलं न्हाई. कॉपी म्या केल्ती."

मी तोंडावर ओढणी घेऊन रडत होते, आणि ते थांबत नव्हतं. शेजारच्या बाकावर आमच्या गावचे दोघं जण बसलेले होते. त्यांना नीट ऐकू जावं म्हणून आबांनी ते अजून एकदा सांगितलं.